रविवार आधीच ठरलेला असतो

निवृत्त माणूस जुने कागद काढतो. मीही काढले. पाळक म्हणून पहिल्या आठ वर्षांत दिलेल्या संदेशांच्या वह्या एका पत्र्याच्या पेटीत होत्या. वरचे पुठ्ठे उंदरांनी कुरतडलेले, आतली पाने शाबूत. सहज मोजदाद केली आणि घाम फुटला. आठ वर्षांत उधळ्या पुत्रावर मी अकरा वेळा बोललो होतो, चांगल्या मेंढपाळावर नऊ वेळा. ईयोबावर एकदाही नाही. विलापगीत तर माझ्या बायबलात छापायचे राहून गेले असावे, अशी शंका यावी. मंडळीने कधी तक्रार केली नाही. एक म्हातारे वडील मात्र उपासना संपल्यावर दाराशी हात हातात घेऊन म्हणाले होते, "पाळकसाहेब, आज थोरल्या भावाचं बरं सांगितलंत. मागच्या दोन खेपांना धाकट्याचंच झालं होतं." मी ते कौतुक समजून घरी गेलो आणि बायकोलाही सांगितले. ती हसली. का हसली ते मला परवा पेटी उघडल्यावर कळले.

हे पुस्तक तेव्हा हाती असते तर त्या मंडळीचे हाल थोडे कमी झाले असते. पाच चालत्या सेवेतल्या पाळकांनी मिळून ते लिहिले आहे. मंडळीचे वर्ष कसे चालते, त्यातल्या कोणत्या रविवारी काय वाचले जाते आणि त्या वाचनापासून संदेशापर्यंत कसे पोहोचायचे, एवढाच त्याचा विषय. प्रस्तावना चार पानांची हवी, असे मला बजावले होते. पाळकाला वेळेची मर्यादा घालणाऱ्याने तिचे काय होते ते आधीच ओळखून असावे.

मंडळीचे वर्ष म्हणजे नाताळ, गुड फ्रायडे आणि ईस्टर, मधले सगळे नुसते रविवार, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते वर्ष नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी, 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान, आगमनकाळाने उघडते. मग नाताळ, 6 जानेवारीचा प्रकटीकरणाचा सण, राखेच्या बुधवारपासून लेंतचे चाळीस दिवस (रविवार सोडून मोजायचे), दुःखसहनाचा आठवडा, ईस्टरचे पन्नास दिवस, पेंटेकॉस्ट, त्रैक्याचा रविवार, आणि त्यानंतर जवळजवळ सहा महिन्यांचा एक लांबलचक साधा काळ. ज्याला सण नाही, गाणे नाही आणि ज्याची कोणी वाट पाहत नाही, असा.

या वर्षाला वाचनांचे वेळापत्रक जोडलेले आहे. त्याला लेक्शनरी म्हणतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनेत शास्त्र अधिक भरभरून वाचले जावे असे ठरवले आणि त्यातून 1969 मध्ये कॅथलिक मंडळीची तीन वर्षांची नवी लेक्शनरी आली. प्रोटेस्टंटांनी तिच्यावरूनच आपली बेतली. तिची सुधारित आवृत्ती 1992 ची. 'अ' वर्षी मत्तय, 'ब' वर्षी मार्क, 'क' वर्षी लूक, आणि योहान तिन्ही वर्षांत सणासुदीला. 30 नोव्हेंबर 2025 ला जे वर्ष सुरू झाले ते 'अ'चे. दर रविवारी चार भाग: जुना करार, स्तोत्र, एखादे पत्र, शुभवर्तमान. म्हणजे वसईच्या चर्चमधला फादर आणि नगरच्या चर्चमधला पाळक बऱ्याच रविवारी एकाच उताऱ्यापुढे डोके धरून बसलेले असतात, आणि एकमेकांना ओळखतही नसतात.

सगळ्यांना हे पटत आले असे नाही. उलरिख झ्विंग्लीने 1 जानेवारी 1519 ला झुरिकमध्ये नेमलेली वाचने बाजूला सारली आणि मत्तयाचे शुभवर्तमान पहिल्या ओळीपासून सलग सांगायला घेतले. कॅल्व्हिनची गोष्ट तर मला फार आवडते. 1538 च्या ईस्टरच्या सुमारास त्याला जिनेव्हातून हाकलले. 1541 मध्ये त्याच गावाने त्याला परत बोलावले. लोक वाट पाहत होते की आता हा काय काय ऐकवणार. तो व्यासपीठावर चढला आणि साडेतीन वर्षांपूर्वी जिथे थांबला होता त्याच्या पुढचे वचन उघडून बोलू लागला. सणवार मोडणारे हे लोकही मनाला येईल ते सांगत नव्हते. उताऱ्याने आपल्याला निवडावे, आपण उताऱ्याला नाही, हे त्यांनाही मान्य होते.

या भांडणाची एक फांदी थेट आपल्या दारात आली आहे. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीने 1659 मध्ये कायदा केला: नाताळ पाळताना जो सापडेल त्याला पाच शिलिंग दंड. तो कायदा 1681 मध्ये रद्द झाला, पण नाताळ हा माणसांनी घुसडलेला सण, ही भावना त्या मुलखात आणखी शतकभर तरी टिकली. त्याच न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांनी पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनचे अहमदनगरचे ठाणे 1831 चे, त्यांचे नियतकालिक 'ज्ञानोदय' 1842 चे. ज्यांच्या पणजोबा-खापरपणजोबांनी नाताळला दंड लावला त्यांच्याकडून नगर जिल्ह्याने सुवार्ता घेतली. आज त्याच जिल्ह्यात डिसेंबरात गावोगाव चांदण्या टांगलेल्या दिसतात. तिकडे वसईत पोर्तुगीज 1534 मध्ये आले. तिथल्या कॅथलिकांच्या अंगात हे वर्ष चार-पाचशे वर्षांचे मुरलेले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पण लेंत आणि ईस्टर तिथून हलले नाहीत. नाताळ हा शब्दही पोर्तुगिजांचाच. पुढे 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली आणि वर्ष पाळणारे अँग्लिकन, न पाळणारे काँग्रिगेशनल आणि बाप्टिस्ट एकाच छताखाली आले. माझ्यासारख्याच्या हातात लेक्शनरी पडली ती या लग्नाच्या आहेरात.

मराठी श्रोत्याला या वर्षाची रचना फारशी समजावून सांगावी लागत नाही, हे मात्र मला उशिरा उमगले. नाताळ सूर्यावर चालतो आणि ईस्टर चंद्रावर. 325 च्या नायसिया परिषदेपासून ईस्टरचा रविवार सगळ्यांनी एकाच हिशेबाने पाळावा असा प्रयत्न सुरू झाला आणि पुढे हिशेब ठरला तो असा: 21 मार्चला किंवा नंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिल एवढा सरकतो. बहुतेक वर्षी ती आपली चैत्री पौर्णिमाच असते. इंग्रजी पुस्तकांत यावर पाने खर्ची पडतात. आपल्याकडे आजी म्हणते, "म्हणजे तिथीनं," आणि विषय संपतो.

दुसरी गोष्टही तशीच. वारकरी कीर्तनात बुवा एक अभंग घेतात आणि दोन तास त्याच अभंगात राहतात. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचेच कीर्तन होते. बुवांना त्या दिवशी दुसरे काही सुचले असेल तर ते घरी ठेवून यावे लागते. दिवस विषय ठरवतो, हे आपल्या कानांना नवे नाही. मंडळीच्या वर्षातला पाळक याच जातकुळीचा. त्याला काय सांगायचे आहे ते सुचण्याआधी रविवार ठरलेला असतो. मग तो आठवडा येऊन त्या उताऱ्यावर आदळतो: गावात झालेली आत्महत्या, शाळेचा निकाल, मंडळीतली भाऊबंदकी, पाळकाची स्वतःची पाठदुखी. त्या आदळण्यातून संदेश निघतो. उलटे केले, म्हणजे आठवड्याकडे बघून उतारा शोधला, की पाळक शास्त्राकडून आपल्याच मतावर सही घेऊन येतो. मी अकरा वेळा आणली.

यातली जुनी आणि मोठी साक्ष अंत्युखियाची आहे. 387 साल. नव्या कराच्या बातमीने शहर खवळले आणि जमावाने सम्राट थिओडोसियस आणि त्याच्या कुटुंबीयांचे पुतळे पाडले. शिक्षा काय होईल या भीतीने शहर थिजले. म्हातारा बिशप फ्लेवियन दयेची याचना करायला कॉन्स्टँटिनोपलला निघाला. मागे उरला वर्षभरापूर्वी पाळकाची दीक्षा मिळालेला योहान, ज्याला पुढे ख्रिसोस्तोम, म्हणजे सोन्याच्या तोंडाचा, म्हणू लागले. लेंत लागला होता. लेंतमध्ये शिकवायचे ते त्याने शिकवले. डोक्यावर कत्तलीची टांगती तलवार, आणि हा माणूस पुन्हा पुन्हा सांगतोय: शपथा वाहू नका, ऊठसूट शपथ घ्यायची खोड सोडा! पहिल्यांदा वाचताना मला हसू आले. नंतर वाटले, भेदरलेल्या गावाला त्याने रोज करता येईल असे एक काम दिले. भीतीवर तो बोलला नाही असे नाही, भरपूर बोलला. पण काळ लेंतचा आहे हे त्याने सोडले नाही. ईस्टरला बिशप माफी घेऊन परतला.

आता आपल्या हंगामांकडे येतो, कारण बाहेरून आलेल्या संदेशांच्या पुस्तकांनी मला जे फसवले ते इथेच. त्यांचा आगमनकाळ अंधार आणि बर्फाचा. त्यांचा ईस्टर म्हणजे गोठलेल्या मातीतून वर आलेले फूल. आपल्याकडे ईस्टरला जमीन भेगाळलेली असते आणि बोअर आटलेली. पुनरुत्थानाला कोंबाची उपमा द्यायची तर मराठवाड्यातल्या पाळकाला जूनपर्यंत थांबावे लागेल. या पुस्तकाच्या लेखकांनी ती आयात उपमा टाकून दिली, हे त्यांचे मोठे काम. काय टाकले ते छापलेल्या पानावर दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

आगमनकाळाचेच बघा. माझी मधली अकरा वर्षे ज्या पट्ट्यात गेली तिथे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या भरतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये म्हातारी माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडे. 'अ' वर्षी त्या दिवशीचा उतारा मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातला: शेतात दोघे असताना एक नेला जातो, जात्यावर दोघी असताना एक नेली जाते, म्हणून जागे राहा. टीकाग्रंथ सांगतात, हा शेवटच्या दिवसांविषयीचा उतारा. पुढच्या बाकावरची बाई डोळ्याला पदर लावते, कारण तिच्या घरातली दोन्ही माणसे नेलेली आहेत आणि मार्चशिवाय येत नाहीत. अशा वेळी पाळकाने काय करावे? मुकादमाला ख्रिस्ताच्या जागी बसवू नये, एवढे नक्की. असली रूपके करणारा पाळक मी ऐकला आहे, तो मीच होतो. पण वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या बाईला विचारूनच पुढे जावे. आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ आहे असे आपण तिला शिकवायचे, यासारखा उद्धटपणा नाही.

नाताळविषयी लेखकांनी सविस्तर लिहिले आहे, मी थोडक्यात उरकतो. संदेश बारा मिनिटांचा असावा. वर्षातून एकदा येणाऱ्यांना त्या दिवशी टोमणे मारू नयेत. शेजारचे हिंदू-मुसलमान बंधू गोठा बघायला आलेले असतात, त्यांच्यापुढे मंडळीतली भांडणे काढू नयेत. गोठ्यावर कापसाचा बर्फ पसरायला माझा विरोध आहे, पण तरुण संघापुढे तो कधी टिकला नाही. एक शब्द मात्र हातचा सोडू नये: गव्हाण. पुण्या-मुंबईत तो समजावून सांगावा लागतो. खेड्यात म्हटले की माणसांच्या नाकाशी कडबा आणि शेणाचा वास येतो, म्हशीची खरखरीत जीभ आठवते, आणि बाळाला तिथे ठेवायचे म्हणजे काय, हे कोणाही बाईला पाळकापेक्षा आधी कळते.

खरी परीक्षा पुढच्या रविवारी. 28 डिसेंबर हा बेथलेहेमात मारल्या गेलेल्या निष्पाप बालकांच्या स्मरणाचा दिवस. 2025 मध्ये तो रविवारीच आला. 'अ' वर्षी नाताळनंतरच्या रविवारचा उताराही तोच: हेरोदाची कत्तल आणि मिसरला पळालेले कुटुंब. घरोघरी करंज्या उरलेल्या, गायक मंडळ घसा बसून झोपलेले, बाके निम्मी रिकामी, आणि व्यासपीठावर मेलेली लेकरे. स्वतःहून हा उतारा कोण घेईल? माझ्या आठ वर्षांच्या वह्यांत तो नाही. लेक्शनरीने पहिल्यांदा माझ्यापुढे टाकला त्या वर्षी मंडळीतल्या एका तरुण जोडप्याचे बाळ दवाखान्यात गेले होते. मी उतारा बदलायला निघालो होतो. बदलला नाही, एवढेच. संदेश चांगला झाला नाही. पण ती मुलगी नंतर म्हणाली, नाताळातसुद्धा रडणाऱ्या आया बायबलात आहेत, हे तिला माहीत नव्हते.

लेंत हा पाळकाचा सर्वांत समृद्ध काळ, आणि 'अ' वर्षी तर विचारूच नका. योहानाच्या चार मोठ्या गोष्टी चार रविवारी येतात: रात्री येणारा निकदेम, विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध, लाजार. विहिरीचा रविवार लेंतचा तिसरा. 2026 मध्ये 8 मार्चला. म्हणजे महिला दिनालाच. मोह उघड आहे: उतारा वाचायचा आणि महिला दिनाचे भाषण करायचे. त्यापेक्षा घागर बघावी. मार्चमध्ये आपल्याकडे विहिरीचा तळ दिसू लागतो, टँकरच्या याद्या निघतात. भर दुपारी, एकटी, पाण्याला जाणारी बाई म्हणजे काय, हे गावातल्या प्रत्येक बाईला कळते. सकाळी सगळ्यांबरोबर तिला का जाता आले नसेल, याचेही उत्तर तिच्याकडे असते. आणि कोणाच्या हातचे पाणी कोण पितो, हा प्रश्न महाराष्ट्रात टीकाग्रंथातून शिकावा लागत नाही. आपल्या मंडळ्यांतल्या कितीतरी घराण्यांनी तो पिढ्यान् पिढ्या भोगला. यहूदी पुरुष शोमरोनी बाईजवळ पाणी मागतो, हे वाक्य मी एका खेड्यात नुसते वाचले आणि थांबलो. पुढे काही बोलावे लागले नाही. दोन मिनिटे कोणी खोकलेसुद्धा नाही. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत बरा संदेश असावा, आणि त्यात माझे असे काही नव्हते.

गुड फ्रायडेच्या दुपारी बारा ते तीन सात शब्दांची उपासना. ही प्रथा पेरूची राजधानी लिमा येथे सतराव्या शतकाच्या अखेरीस एका जेझुइट धर्मगुरूने सुरू केली. आज मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांनी ती इतकी आपली केली आहे की ती बाहेरची वाटत नाही. सात शब्द, सात वक्ते. पहिला वक्ता क्षमेवर पस्तीस मिनिटे घेतो, दुसरा त्याची बरोबरी करतो, आणि सातव्याच्या वाट्याला सहा मिनिटे आणि पंचांपैकी कोणाची तरी घड्याळाकडची नजर येते. मी बरीच वर्षे पाचवा शब्द मागून घेत असे, तहानेचा. एप्रिलच्या उन्हात, पत्र्याच्या छपराखाली, उपाशी बसलेल्या लोकांपुढे तो शब्द उच्चारला की निम्मे काम होते. उरलेले निम्मे गप्प बसण्याचे, आणि ते पाळकांना जमत नाही. लेखकांनी सातही शब्दांवर प्रत्येकी फक्त दीड पान लिहिले आहे, याबद्दल त्यांचे अभिनंदन.

ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात उपासना होते. तिथे पुनरुत्थान सिद्ध करायला जाऊ नये. पाळक पुरावे मांडू लागला की वकील होतो, आणि ज्यांचे माणूस समोर पुरलेले आहे त्यांना वकील नको असतो. मार्काच्या जुन्या प्रतींत शुभवर्तमान तिथेच थांबते जिथे बाया घाबरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. 'ब' वर्षी तो उतारा मिळतो. घाबरलेल्या बायांपाशी थांबायची संधी सोडू नये. पुढचे पन्नास दिवस लग्नसराई आणि सुट्ट्या खाऊन टाकतात. प्रेषितांच्या कृत्यांतली त्या काळची वाचने रिकाम्या बाकांना ऐकवावी लागतात. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. या पुस्तकातही नाही.

पेंटेकॉस्ट 2026 मध्ये 24 मे रोजी, रोहिणी लागायच्या तोंडावर. इथून पुढे वेदीवरचे कापड हिरवे होते आणि काही आठवड्यांत बाहेरचे रानही. या हिरव्या काळाला मी तरुणपणी कंटाळत असे. आता वाटते, लेक्शनरी बनवणाऱ्यांना महाराष्ट्राचा पाऊस माहीत असता तरी त्यांना याहून चांगले जमले नसते. पेरणाऱ्याचा दाखला 'अ' वर्षी जुलैच्या मध्यावर येतो, 2026 मध्ये 12 जुलैला. युरोपात तेव्हा कोणी पेरत नाही, पालेस्टाईनमध्ये पेरणी पहिल्या पावसानंतर, हिवाळ्याच्या तोंडावर. आपल्याकडे मात्र मृगावर पेरलेले उगवले की नाही, पाऊस उघडला तर दुबार पेरणीला बियाणे उधार कोण देईल, हीच बोलणी घरोघर चाललेली. मुरमाड रानातले कोंब दोन दिवसांत माना टाकतात, हे ऐकणाऱ्याने सकाळीच पाहिलेले असते. आणि तो प्रश्न विचारतो. मला एका शेतकऱ्याने विचारला: "तिफणीवर मूठ धरणारा माणूस वाटेवर बी सांडत नाही. हा कसला पेरणारा?" तिकडे बी हाताने फोकत, हे उत्तर मी दिले. ते खरे होते आणि पुरेसे नव्हते. वाट, खडक, काटे न बघता ओंजळीने बी उधळणारा हा धनी कोण, हा प्रश्न त्याने मला दिला. त्यावर मी पुढची तीन 'अ' वर्षे काढली.

इथे लेक्शनरीशी माझे एक भांडणही आहे. प्रोटेस्टंट वेळापत्रकात तो उतारा तेराव्या अध्यायाच्या नवव्या वचनावरून थेट अठराव्यावर उडी मारतो. मधली आठ वचने गाळलेली. दाखल्यांनी बोलायचे का, तर ऐकूनही न ऐकणाऱ्यांविषयी येशू तिथे जे म्हणतो ते अवघड आहे, टोचणारे आहे. नेमून दिलेले वाचावे, पण गाळलेले काय आहे ते सोमवारीच उघडून बघावे. वर्गणीदाराने मासिकाचे चिकटलेले पान फोडून वाचावे, तसे.

त्याच्या पुढच्या रविवारी गव्हातले निदण. धनी म्हणतो, उपटू नका, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. नेमकी खुरपणी चाललेली असते, आणि समोर बसलेल्या बायांचे पोट खुरपणीच्या रोजावर. एका आजीने मला दारातच अडवले: "साहेब, तण ठेवलं तर ते बी पाडतं, आन् पुढच्या साली दुप्पट होतं. येशूला कुणी सांगितलं न्हाई का?" चाकरांनाही हेच वाटत होते. म्हणजे त्या आजीचे म्हणणे गोष्टीच्या आतच होते आणि मी ते कधी मोठ्याने वाचले नव्हते. शेतीचे शहाणपण चाकरांचे, तरी धनी थांबा म्हणतो. का म्हणतो, हे तिला पटेल असे सांगता आले तर संदेश झाला, नाहीतर नुसते वाचन.

आता भाषेविषयी. फादर थॉमस स्टीफन्स, 1579 मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट, त्याचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये राचोलला छापले. जवळजवळ अकरा हजार ओव्या. नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, ती जागा रिकामी पडली होती, आणि त्याने ती त्यांच्याच छंदात भरली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग, कीर्तन सगळे बरोबर आणले. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबलाचे भाषांतर केले, तेही साध्या बायांना कळावे म्हणून. 1922 मध्ये शेवटचा हात फिरवला आणि त्या गेल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे 'सुबोध बायबल' आपल्या डोळ्यांदेखत आले. एवढा वारसा पाठीशी असताना आपल्या व्यासपीठावरची मराठी अजून मधूनच भाषांतरित का वाटते? कारण आपण तयारी इंग्रजीत करतो आणि रविवारी तिला मराठी झगा घालतो. सोमवारी उतारा मराठीत मोठ्याने वाचावा, दोन-तीन भाषांतरे शेजारी ठेवून. कुठला शब्द अडतो ते टिपावे. मंगळवारी घरभेटीला जावे आणि त्या शब्दाविषयी कोणाला तरी विचारावे. टीकाग्रंथ बुधवारच्या आधी उघडू नये. लिहायचे गुरुवारी. शनिवारी रात्री जे सुचते ते बहुधा उधळ्या पुत्राविषयी असते.

लेखकांनी प्रत्येक रविवारच्या टिपणासमोर अर्धे पान कोरे सोडले आहे. छापखान्याची चूक समजू नये. वाचकाने तिथे आपल्या गावचे लिहायचे आहे: पाऊस, बाजारभाव, कोण गेले, कोण परत आले. मी माझ्या प्रतीत सुरुवात केली आहे. निवृत्त असलो तरी अधूनमधून कोणी बोलावते. 12 जुलैसमोर पेन्सिलीने एवढेच लिहिले आहे: पाऊस बघून ठरवणे.